वाकडी लागलेली चेन

आमच्या आत्याने तीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पँटी आखूड आणि सैल करण्यात घालवली. आता तिला शिवणवर्गात शिकवायची नोकरी हवी होती, आणि अगदी मनापासून हवी होती. वर्गवाल्यांनी अर्जासोबत व्हिडिओ मागितला होता: पँटला चेन कशी लावायची, फक्त दोन मिनिटांत, शनिवारी पाचच्या आत. आत्याचा व्हिडिओ झाला अकरा मिनिटांचा.

मी व्हिडिओ एडिटिंग करून पोट भरतो, त्यामुळे घरात जरा शिष्टपणाच करतो. क्लिपचं टोक माउसने धरून आत ढकललं की नको तो भाग जातो, एवढं आत्याला दाखवलं आणि चहा टाकायला उठलो. परत येऊन बघतो तर तिने प्रत्येक क्लिपच्या दोन्ही टोकांना दोन-दोन सेकंद जादा ठेवलेले. दर तुकड्याच्या सुरुवातीला "चालू आहे ना रे?" आणि शेवटी "कर आता बंद!"

"हे काय आत्या?"

"शिवणीसाठी कापड जादा ठेवतात तशी माया सोडलीय. अगदी रेघेवर कापलं की नंतर रडायची वेळ येते."

"अगं, हे कापड नाही. इथे कापलेलं परत ओढून बाहेर काढता येतं."

"हात्तिच्या! मग तुम्हा लोकांना अक्कल कशाला लागते?"

मी निमूटपणे कडा कापल्या. तरी सहा मिनिटं उरलीच. तेवढ्यात आत्याने वेग वाढवायची पट्टी शोधून काढली आणि सगळं तिप्पट वेगात पळवलं. पडद्यावरची आत्या चिमणीसारखी चिवचिवायला लागली. "ही कोण रे भवानी?" म्हणत खरी आत्या पोट धरून हसत सुटली.

मी बोलणं मूळ वेगात ठेवलं आणि लांब शिलाई तेवढी पळवली. अजून चाळीस सेकंद जास्त होते. एका जागी तिची चेन वाकडी लागली होती आणि ती उसवत बसली होती, तो भाग मी उडवला. बरोबर दोन मिनिटं!

"ते परत आण," आत्या म्हणाली.

"नोकरीचा अर्ज आहे गं. चूक कशाला दाखवतेस?"

"पहिल्या दिवशी सगळ्यांचीच वाकडी लागते. तेव्हा काय करायचं ते कोण सांगणार? तू?"

"त्यांना वाटेल, तुला येतच नाही."

"वाटू दे," ती म्हणाली, पण तिचा आवाज खाली गेला होता. ती घाबरली होती, हे मला कळत होतं. हट्ट मात्र सोडेना. शेवटी दोन मिनिटांत बसावं म्हणून चेन लावण्याचा भाग पळवला, उसवण्याचा सावकाश ठेवला आणि पाचला चार मिनिटं असताना व्हिडिओ पाठवला. नोकरी गेली याची मला खात्री होती. तिचा रागही आला होता.

मंगळवारी वर्गाच्या मुख्य बाईंचा फोन आला. आत्याचे हात कापडात अडकलेले, म्हणून मी स्पीकर लावला.

"बारा व्हिडिओ आले. चेन सगळ्यांनीच छान लावली. वाकडी लागली तर काय करायचं, ते फक्त तुम्ही दाखवलंत. सोमवारपासून शिकवायला याल ना, बाई?"

मी कोपराने ढोसलं तेव्हा कुठे आत्या "येते" म्हणाली. फोन बंद झाला, तशी तिने हातातल्या कापडानेच डोळे पुसले.

"मला बाई म्हणाल्या ना रे त्या?"

"म्हणाल्या की."

"तीस वर्षं लोकांनी मला फक्त 'कधी मिळेल?' एवढंच विचारलं."

मी चहा टाकायला उठलो आणि विचारलं, "साखर किती घालू, बाई?"