चादरीवरच्या सहा ओळी

आमच्या मेहुण्यांनी निवृत्तीनंतर कवी व्हायचं ठरवलं आणि तीन महिन्यांत ते झालेसुद्धा. तीन महिन्यांत माणसाला दुसरं काहीच होता येत नाही. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो आणि चौकटीत बसवतो. हे काम हाताला लागायला मला सहा वर्षं लागली. तिरप्या नंबराच्या काचेचा अक्ष पाच अंशांनी जरी हलला तरी गिऱ्हाईक दोन दिवसांत डोकं धरून परत येतं. मग तिथे ‘छान प्रयत्न’ म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. काच पुन्हा घासावी लागते.

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. विमा कार्यालयात पस्तीस वर्षं त्यांनी दावे नामंजूर झाल्याची पत्रं लिहिली. जन्मभर लोकांना ‘नाही’ म्हणून झाल्यावर आता त्यांना सगळ्यांना ‘हो’ म्हणायची हौस आली होती. म्हणून त्यांनी फोनवर ‘काव्यझुळूक परिवार’ नावाचा ग्रुप काढला, आणि मला न विचारता त्यात घातलं.

“जावईबापू, तुम्ही नुसते वाचा,” ते म्हणाले. “वाचकही हवेतच की.”

“बाहेर पडू नका हं,” बायको म्हणाली. “दादाला वाईट वाटेल.”

पडलो नाही. ग्रुपचा नियम एकच होता: टीका करायची नाही. प्रत्येकाने प्रत्येकाच्या कवितेला अभिप्राय द्यायचा आणि अभिप्राय तीन ओळींपेक्षा कमी नसावा. त्यामुळे दिवसभर तिथे दीडशे माणसं एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत बसत. ‘निःशब्द’ असं टोपणनाव घेतलेला एक गृहस्थ होता, त्याच्या कविता सर्वांत लांब असत. त्याची एक ओळ अशी होती: ‘तू नदी, मी किनारा, तू वारा, मी पसारा.’ खाली एका बाईंनी लिहिलं होतं, ‘दादा, माझ्याकडे शब्दच नाहीत,’ आणि पुढे अकरा ओळी लिहिल्या होत्या. मेहुणे स्वतः जीवनावर लिहीत:

जीवन आहे गूढ कोडे,
सुटते थोडे, उरते थोडे,
हसून घ्यावे थोडे थोडे,
जीवनरथाचे आपण घोडे.

यावर सत्तावन्न जणांनी टाळ्या वाजवल्या. दर रविवारी मेहुणे सन्मानपत्रं काढत. गुलाबाची महिरप, मध्ये कवीचा फोटो, खाली त्यांची सही. सगळ्यांना मिळायची. एकदा एकाचं चुकून राहिलं, तर तो तीन दिवस रुसून बसला होता.

माझा तिरस्कार फुकटचा नव्हता. माझे वडील शाळेत भाषा शिकवायचे. त्यांनी मला बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला शिकवलं होतं. कॉलेजात मी दीडेकशे कविता लिहिल्या होत्या. एका सुट्टीत बसून त्या सगळ्या सलग वाचल्या, वाईट होत्या, फाडून टाकल्या. त्या फाडण्याचा मला अभिमान होता. या लोकांना तेवढीही अक्कल नाही, असं मी मानत असे.

दुपारी जेवताना मी हा माल दुकानातल्या डोळे तपासणाऱ्या मॅडमना वाचून दाखवायचो. आम्ही दोघंच मागच्या खोलीत डबे उघडायचो. मी आवाज लावून, हात वर करून, शेवटच्या शब्दावर मान टाकून वाचायचो. मॅडम हसून हसून डोळे पुसायच्या.

“ते घोडेवाले आज काय म्हणतायत?” त्या डबा उघडायच्या आधीच विचारायच्या.

वर्षभर हे असं चाललं. माझ्याइतका विनोदी माणूस दुकानात दुसरा नाही, असा माझा लौकिक झाला.

मग ती बाई ग्रुपमध्ये आली. टोपणनाव घेतलं नव्हतं. ओळख करून देताना एवढंच लिहिलं होतं: ‘मी एका मोठ्या रुग्णालयात चादरी धुण्याचं आणि खाटांवर घालण्याचं काम करते. शाळा नववीपर्यंत. लिहायला आवडतं.’ स्वागताचे पंचवीस पुष्पगुच्छ पडले. त्यानंतर तिने कविता टाकली:

आज चाळीस चादरी.
एकीला कुणाच्या टाचांचे दोन खळगे,
धुतल्यावरही.
मी ती बाजू उशाशी घातली.
आता तिथे
कुणीतरी डोकं ठेवेल.

मी काच घासायचं यंत्र बंद केलं. पुन्हा वाचली. एक शब्द काढता येतो का बघितलं, नाही आला. मानेवर काटा आला. एवढ्या वर्षांत मला कवितेने असं काही केलं नव्हतं, आणि तेसुद्धा या उकिरड्यावर.

ग्रुपवर मात्र शांतता. तासाभराने दोन जोडलेले हात आले. मग निःशब्दने लिहिलं, ‘प्रयत्न स्तुत्य. यमक साधलं असतं तर अधिक खुललं असतं. भावना ओता, ताई.’ मेहुण्यांनी समजुतीने सांगितलं की चादर हा विषय काव्याला किंचित रूक्ष आहे, आणि या आठवड्याचा विषय ‘प्रेमाची चाहूल’ असा आहे.

ताईने लगेच उत्तर दिलं: ‘हो सर. शिकतेय.’

जेवायच्या वेळी मॅडमनी डबा उघडला. “चला, सुरू करा.”

मी ती कविता वाचली. हातवारे न करता, आहे तशी वाचली. शेवटच्या ओळीनंतर थांबलो. मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पुढची गंमत यायची वाट बघत. मग त्यांना वाटलं, हीच गंमत असावी, आणि त्या फस्सकन हसल्या. “टाचांचे खळगे! काय एकेक लोक असतात हो!”

मीही हसलो.

त्या हसण्याला आता काय म्हणायचं ते म्हणा. त्या बाई भल्या आहेत, त्यांचा दोष नाही. वर्षभर मीच त्यांना शिकवलं होतं की या ग्रुपवरून जे येतं त्याला हसायचं असतं.

त्या दिवशी मी अभिप्राय लिहायला घेतला. ‘ही कविता आहे. बाकीच्यांचं ऐकू नका.’ पाठवायच्या आधी वाचून बघितलं. हे गेलं की मेहुणे रविवारी जेवायला बोलावणार आणि सगळ्यांदेखत म्हणणार, “बघा, जावईबापूंनाही अखेर पाझर फुटला!” शिवाय टाळ्या वाजवणाऱ्या त्या दीडशे जणांच्या खाली माझं नाव येणार. मी लिहिलेलं पुसलं. तिला वेगळा निरोप पाठवता आला असता, तिचा नंबर समोर होता. पण परक्या बाईला काय लिहायचं, असं कारण मी स्वतःला दिलं. कारणं मला पटकन सापडतात.

तिने आणखी दोन टाकल्या. एक रुग्णांच्या कपड्यांतून निघालेल्या बटणांच्या डब्यावर होती. दुसरी इतकीच होती:

वाफेने चष्मा धुरकटला.
समोरून कोण येतंय कळेना.
तेवढ्यापुरतं
कुणीही असू शकतं.

चष्म्यांत जन्म गेला माझा. धुरकटलेल्या काचेबद्दल एवढं मला कधी सुचलं नाही. गिऱ्हाइकांना मी पुसायचं फडकं देत आलो. या कवितेला एक अंगठा मिळाला, तोही बहुतेक चुकून लागलेला. मी गप्प.

पण ग्रुप गप्प नव्हता, हे त्यांच्याबद्दल म्हटलंच पाहिजे. ते तिच्या मागे लागले. निःशब्दने तिला यमकांची यादी पाठवली: झुलते, खुलते, फुलते, भुलते. एका बाईंनी ‘तुमच्यात ठिणगी आहे, फक्त फुंकर हवी’ असं लिहिलं आणि सगळ्यांनी फुंकायला सुरुवात केली. मेहुणे तिला रोज सकाळी फोन करून धीर देत. दीड महिन्याने तिची कविता आली:

आठवांच्या हिंदोळ्यावर मन हे वेडे झुलते,
तुझ्या स्मृतींच्या गंधाने कळी मनाची खुलते.

एक्क्याण्णव टाळ्या. निःशब्द पहिल्यांदाच खरोखर निःशब्द झाला, त्याने नुसती फुलं पाठवली. रविवारी सन्मानपत्र निघालं. त्यातल्या फोटोत ती पहिल्यांदा दिसली. पंचेचाळिशीची असेल, जाड भिंगांचा चष्मा, आणि चौकट इतकी वाकडी की उजवा डोळा भिंगाच्या मध्यावर येतच नव्हता. त्यानंतर ती रोज लिहू लागली. झुलणं, खुलणं, फुलणं. मॅडमना मी तिच्या नव्या कविता वाचून दाखवल्या नाहीत. घोडे मात्र चालू ठेवले.

वर्षाच्या शेवटी मेहुण्यांनी परिवाराचा मेळावा घेतला. एका शाळेचं सभागृह, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शिट्टी मारणारा ध्वनिक्षेपक. सकाळी दहाला सुरू झालेलं काव्यवाचन चारला संपलं. दर कवीला तीन मिनिटं होती आणि दर कवीने बारा घेतली. प्रत्येकजण आपली वाचून झाली की पाणी प्यायला म्हणून बाहेर जाई आणि दुसऱ्याची ऐकायला परत येत नसे. समोर मी आणि बायको, दोघंच शेवटपर्यंत बसलो होतो. बायको भावासाठी, मी बायकोसाठी.

चहाच्या वेळी ती खिडकीपाशी उभी दिसली. हातात सन्मानपत्राची गुंडाळी, शेजारी तिची मुलगी फोनवर फोटो बघत होती. मी गेलो.

“तुमची चादरीची कविता,” मी म्हणालो. “टाचांचे खळगे. ती फार चांगली होती.”

तिला आधी कळेचना. मग ती लाजली. “अय्या, ती होय! ती कुठे वाचलीत तुम्ही? काढून टाकली मी. तेव्हा मला काही येत नव्हतं हो.”

“तेव्हाच येत होतं,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही तेव्हा ग्रुपमध्ये होतात?”

“होतो.”

“मग बोलला नाहीत ते?” तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. “मी दोन दिवस फोन बघत होते. काम टाकून बघत होते. सुपरवायझर ओरडल्या मला.”

तेवढ्यात मेहुण्यांनी ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना फोटोसाठी बोलावलं. “येते हं,” म्हणून ती गेली, आणि पहिल्या रांगेत निःशब्दच्या शेजारी जाऊन बसली. मुलगी तिचा पदर सारखा करत होती.

घरी येताना बायकोने विचारलं, “त्या कोण? काय सांगत होतात त्यांना?”

मी सगळं सांगितलं. हसण्याचंही सांगितलं. बायकोने पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही दादापेक्षाही वाईट,” ती म्हणाली. “त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं.”

“त्याच्या मूर्खपणामुळे ती बिघडली.”

“तो रोज सकाळी तिला फोन करतो. तुम्ही किती वेळा केलात?”

दुसऱ्या दिवशी दुकानात, यंत्र सुरू करायच्या आधी, मी तिला निरोप लिहिला. चांगला लांब लिहिला. तिच्या पहिल्या तीन कविता कुठे कशा बसल्या आहेत ते ओळीओळीने सांगितलं. हिंदोळे आणि गंध सोडा, असं स्पष्ट लिहिलं. धुलाईच्या कामावर, खाटांवर, वाफेवर लिहा. ते दुसऱ्या कुणालाही लिहिता येणार नाही. शेवटी हेही लिहिलं की चष्मा घेऊन दुकानात या, चौकट वाकडी झाली आहे, पाच मिनिटांत सरळ करून देतो. पाठवून टाकला. मोकळं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं थोरही वाटलं.

तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं.

‘नमस्कार सर. एवढं कुणी माझ्याबद्दल लिहिलं नव्हतं, मुलीला वाचून दाखवलं. पण सर, चादरी दिवसभर बघतेच हो. कवितेत तरी त्या नको वाटतात. तिथे जरा झोका वगैरे असला की बरं वाटतं. मी सुरुवातीला लिहिलं तेव्हा कुणी आवडलं असं बोललं नाही, तेव्हा मला वाटलं आपलं आयुष्यच लिहिण्यासारखं नाही. आता सगळे बोलतात. सर, तुम्हीही लिहा ना. चुकलं तरी इथे सगळे सांभाळून घेतात.’

मी ते उभ्यानेच वाचलं. झोक्याच्या वाक्यापर्यंत तिच्या अडाणीपणाची कीव करायला मी तयार होतो. पुढे ते जमेना. दिवसभर वाफेत उभं राहणाऱ्या बाईला संध्याकाळी झोका हवा होता. आणि मला, पंख्याखाली बसून, तिची वाफ हवी होती.

झुलते-खुलते ही कविता वाईटच आहे, हे माझं मत अजून तसंच आहे. निःशब्द गाढव आहे, मेहुणे गाढवांचे राजे आहेत, आणि त्या दीडशे जणांत एकालाही कविता कशाशी खातात हे ठाऊक नाही. पण तिच्याशी बोलायची पाळी आली तेव्हा ते बोलले होते.

दुपारी मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, “काय म्हणतायत आज?”

“काही नाही,” मी म्हणालो. “आज काही आलं नाही.”

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पुढे एक-दोन दिवस विचारलं, मग सोडून दिलं. चष्मा सरळ करून घ्यायला ती बाई अजून आलेली नाही.