पितळी म्हातारी

वामनराव वकिलांच्या हाती नवी काठी लागली, की तिचं काही खरं नसे. काठी म्हणजे गोल्फची. आगबोटीने विलायतेहून मुंबईला आणि तिथून मालगाडीने नागपूरला आलेली, चांगल्या कारागिराचा छाप असलेली काठी हा गृहस्थ आठवडाभरसुद्धा आहे तशी वापरत नसे. आधी मुठीचं कातडं सोललं जाई. मग चेंडूवर बसणाऱ्या डोक्याला कानस लागे. मागच्या अंगाला भोक पाडून त्यात शिसं ओतलं जाई, ते जास्त झालं म्हणून पुन्हा उकरलं जाई, आणि शेवटी मूळच्या काठीतलं मूळचं काय उरलं हे तिच्या कारागिरालासुद्धा सांगता आलं नसतं. लकडगंजातल्या वखारवाल्यांना हा वकील पाठ झाला होता. सरळ धाग्याचं धामण लाकूड आलं, की ते निरोप धाडत. धामण लवतं पण मोडत नाही, आणि तेंदूच्या काळ्या गाभ्याचं डोकं चेंडूवर असं वाजतं की ऐकत राहावं, हे वामनरावांचं ठाम मत होतं. कोर्टात त्यांची मतं इतकी ठाम नसत.

"जवसाचं तेल मी घरात खायाले आणतो का काठ्यायले पाजाले, तेवढं एकदा सांगून टाका," असं त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई म्हणत. वामनराव हसून बरणी पुढे करत, आणि चारुशीलाबाई ती भरूनही देत.

इतकं करून खेळ मात्र बेताचाच. सिव्हिल लाइन्सच्या पलीकडल्या माळावर साहेब लोकांनी मैदान केलं होतं, आणि हिंदी माणसांना तिथे अलीकडे प्रवेश मिळू लागला होता. आपल्याकडच्या उन्हात हिरवळ कसली टिकते! म्हणून चेंडू जिथे भोकात घालायचा, तिथे वाळूला तेल पाजून, थापून गोल अंगणासारखी जागा केलेली असे. तिला ब्राऊन म्हणत. चेंडू त्यावर आला, की दांडा लावलेल्या फळीने ती वाळू सारवून सपाट करायची आणि मग शेवटचा हलका टोला मारायचा. वामनरावांचा तो टोला चुकला, की भैयाजी हटकून म्हणत, "सारवलं तं तूच होतं गा वकील. आता अंगण वाकडं म्हणू नको."

हे भैयाजी उमरेडकडचे मालगुजार, मोठे जमीनदार. वयाने वामनरावांपेक्षा बरेच मोठे, राहायला सीताबर्डीत. वामनराव त्यांचा एक मोठा दावा हरले होते आणि त्यानंतर दोघांची दोस्ती जमली, यावरून ती कोणत्या जातीची होती ते समजावं. भैयाजींपाशी काठ्या मोजक्याच, आणि त्यातली लाडकी एकच, शेवटच्या टोल्याची. एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यावरच्या लिलावात त्यांना ती मिळाली होती. पितळेचं डोकं, तेल पिऊन काळा पडलेला दांडा, आणि मुठीच्या कातड्यावर भैयाजींच्या अंगठ्याने पडलेली खळी. तिला ते म्हातारी म्हणत. अख्ख्या मैदानावर वामनरावांची कानस न लागलेली अशी ती एकटीच काठी होती, आणि वामनरावांना ते सलत असे.

"थोडी जड आहे, भैयाजी. मागून जरा घासली तं..."

"हिले हात लावशील तं याद राख," भैयाजी म्हणत, आणि चेंडू भोकात घालत.

दर नाताळात दोघं मेलने कलकत्त्याला जात. विलायतेहून आलेले धंदेवाईक खेळाडू तिथे खेळत, ते पाहायला. भैयाजी खेळणाऱ्यांची तोंडं पाहत. वामनराव काठ्या पाहत. कोण जिंकलं, हे त्यांना पुष्कळदा परतीच्या गाडीत भैयाजींकडून कळे.

जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात हा क्रम मोडला. दसऱ्यानंतर एका सकाळी भैयाजी ब्राऊनवर उभे होते, म्हातारी हातात होती, आणि बोलता बोलता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. डावं अंग गेलं. जीव वाचला. दिवाळीनंतर ते ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले, काठी टेकत, पाय ओढत चार पावलं चालू लागले, पण डावा हात मांडीवर ठेवला तसाच पडून राही. त्यांचा काठ्यांचा झोळा त्या दिवशी वामनरावांच्या टांग्यात राहिला होता, तो वामनरावांच्याच पडवीत आला.

नाताळ जवळ आला तेव्हा वामनराव म्हणाले, "यंदा मी जात नाही."

"काहून? मी मेलो का?" भैयाजी उखडले. "तू जा. आन खेळणाऱ्याचं तोंड पाह्य, नाई तं येशील काठ्या मोजून. आल्यावर मले सगळं सांगाचं."

म्हणून वामनराव एकटेच गेले. शेवटच्या दिवशी सामना संपल्यावर एका पांढऱ्या केसांच्या धंदेवाईकाने लोकांच्या करमणुकीसाठी एक करामत दाखवली. डावा हात खिशात घातला, दांडा कापून आखूड केलेली एक काठी उजव्या हातात घेतली, आणि एकामागून एक चेंडू भोकात घातले. लोक हसून टाळ्या वाजवत होते. वामनरावांचे डोळे भरून आले. गाडी गोंदियाला पोचेपर्यंत त्यांचा बेत पक्का झाला होता.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांनी पडवीत बसून झोळ्यातून म्हातारी काढली आणि करवत घेतली.

"त्याइले इचारलं का?" चारुशीलाबाईंनी दारातून विचारलं.

"इचारलं तं गंमत काय राहिली?"

"गंमत," चारुशीलाबाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

वामनरावांच्या मनात माया होती, यात शंका नाही. पण इतकी वर्षं जिला हात लावू दिला नव्हता तिला आता हात लावायला मिळतोय, ही खाजही त्या मायेत मिसळली होती, आणि कुठली कुठे संपते ते त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी कातडं उलगडलं, दांडा वीतभर कापला, वर नवं मऊ कातडं चढवलं. पितळ चिंचेने घासून लखलखीत केलं. काम सुरेख झालं होतं. ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

भैयाजी ओट्यावर उन्हात बसले होते. वामनरावांनी कलकत्त्याची सगळी हकीकत सांगितली, आणि या खेपेस जिंकणाऱ्याचं तोंडसुद्धा त्यांना आठवत होतं. आजारानंतर भैयाजी पहिल्यांदाच मोकळं हसले. आतून त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई ते हसणं ऐकून दारात येऊन उभ्या राहिल्या. मग वामनरावांनी धोतराच्या फडक्यातून काठी काढून भैयाजींच्या मांडीवर ठेवली.

भैयाजींनी ती उजव्या हाताने उचलली. उलटीसुलटी करून पाहिली.

"हे म्हातारीच होय न?"

"होय. आता एका हातानं खेळता येते. कलकत्त्याले पायलं म्या, तो गोरा..."

"किती कापली?"

"वीतभर."

भैयाजींनी नव्या कातड्यावरून अंगठा फिरवला, जुनी खळी शोधत. बोलले तेव्हा आवाज चढला नव्हता, आणि तेच वामनरावांना जास्त लागलं.

"तुयी वहिनी रोज या हाताले तेल चोळून राहिली. मी रोज एक बोट हलवाची कोशिश करून राहिलो. उठीन, म्हातारी घेईन, पयल्यासारखा उभा राहीन, हेच मनात. आन तू फैसला देऊन मोकळा झाला? डाक्टरनं दिला, पोरायनं दिला, भेटाले येणारा एकेक जण देऊनच राहिला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही गा वकील. पण तू बी?"

त्यांनी काठी खाली ठेवली. वामनरावांनी ती उचलली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरले. निरोप घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

अशी शरम त्यांना दावा हरल्यावरही वाटली नव्हती. घरी येऊन ते पडवीत बसले. कापलेला वीतभर तुकडा अजून तिथेच कानशीजवळ पडला होता. चारुशीलाबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लाकूड काही ऊस नोहे, कापला का बुडख्यातून फुटाले. नवंच करा लागन."

त्या दिवसांत पडवीत करवतीचा आवाज आला नाही. वामनराव भैयाजींकडे दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा "निजले हायेत" असं पंचफुलाबाईंनी खाली पाहत सांगितलं. मग एका रविवारी वामनराव लकडगंजात गेले. ढिगातलं एकेक धामण उचलून, लववून, उन्हात धरून पाहिलं आणि एक दांडा निवडून आणला.

जुना दांडा आणि त्याचा कापलेला तुकडा फरशीवर सांधून ठेवला, शेजारी नवा ठेवला, आणि कामाला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीही सुधारायचं नव्हतं. जिथे जुना जाड तिथे नवा जाड, जिथे तो किंचित बाकदार तिथे हाही. मुठीखाली थोडा घासला तर तोल छान साधेल, असं दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी कानस उचलून आत चारुशीलाबाईंकडे ठेवायला दिली. दुसऱ्या खेपेस चारुशीलाबाईंनी ती डब्यामागे लपवली आणि न सांगता जवसाचं तेल आणून दिलं. ते तेल जिरवून जिरवून दांडा काळा केला. पितळी डोकं त्यावर बसवलं. भैयाजींच्या मुठीचं जुनं कातडं त्यांनी नशिबाने फेकलं नव्हतं. तेच पुन्हा गुंडाळलं, अंगठ्याची खळी होती तिथेच येईल असं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन ते गेले. सणाच्या दिवशी निजले आहेत म्हणून कसं सांगणार! भैयाजी ओट्यावरच होते. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि रस्त्याकडे पाहत राहिले. वामनरावांनी काठी नुसती खुर्चीला टेकवून ठेवली.

"हे काय?"

"डोकं जुनंच आहे. दांडा नवा. पयले होता तेवढाच उंच. म्या काही कमीजास्त केलं नाही, भैयाजी. चुकलं माहं."

भैयाजींनी मूठ धरली. अंगठा खळीत जाऊन बसला. तो तिथे बसल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि वामनरावांनी दुसरीकडे पाहिलं.

"टांगा आणला का?" भैयाजींनी विचारलं.

"आणला."

"मंग बसून काय राहिला?"

दुपारचं मैदान मोकळं होतं. सणामुळे कुणी नव्हतं. टांगा थेट ब्राऊनजवळ नेला. वामनरावांनी स्वतः फळी ओढून वाळू सारवली, चेंडू ठेवला आणि भैयाजींना कमरेला धरून उभं केलं. भैयाजींनी उजव्या हाताने टोला मारला. उंच दांड्याचं टोक त्यांच्या बरगडीत अडकलं आणि चेंडू भलतीकडे गेला. दुसराही गेला. मग त्यांनी काठी छातीशी टेकवली, उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि मुठीवर नेऊन ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. वामनराव कमरेला धरून होते. 

भैयाजी टांग्याच्या पायरीवर येऊन बसले. दम खाल्ला.

"त्याले अजून वेळ लागन," हाताकडे पाहून ते म्हणाले.

"लागू द्या."

"तवरक मी का घरात बसू?" त्यांनी माळावर एक नजर फिरवली. "तुयी करवत कुठी हाये?"

करवत नेहमीप्रमाणे टांग्याच्या पेटीत होती. पण जन्मात पहिल्यांदाच वामनराव म्हणाले, "कापाची काहून? राहू द्या न, भैयाजी. चांगली आहे."

"आण म्हणतो न."

भैयाजींनी काठी आपल्या अंगाशी उभी धरली. कोपर वाकवून पाहिलं, सरळ करून पाहिलं, आणि दांड्यावर एका जागी नखाने खूण केली. वरून जेमतेम चार बोटं. "एवढीच. तू गंज, वीतभर कापली होती. मी काही तेवढा गेलेला नाही."

वामनरावांनी कातडं उलगडलं आणि करवत लावली. शेकडो दांडे कापलेला त्यांचा हात, पण आज दाते खुणेवरून घसरत होते. ते पाहून भैयाजींनी दांडा गुडघ्यांत दाबला आणि आपल्या उजव्या हाताने घट्ट धरला.

"मी धरतो. तू काप."

दांडा जरासुद्धा हलला नाही. तुकडा वाळूत पडला, तो वाकून वामनरावांनी उचलून दिला आणि भैयाजींनी कोटाच्या खिशात टाकला. कातडं पुन्हा गुंडाळून झालं. काठी हातात घेऊन भैयाजी उठायला लागले, आणि वामनराव त्यांना धरायला धावले.

"मले नको धरू," भैयाजी म्हणाले, "ते फळी धर. सारव पुन्हा अंगण. पाहू आता, नाचता येते का."