सात नंबर कोण बोलतंय?

चारुदत्त मॅनेजरला या पूजेतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. उरला औद्योगिक वसाहतीतल्या या सळया लाटणाऱ्या मिलमध्ये सुकवारोबाईचा नवरा सळया कापणाऱ्या कात्रीखाली येऊन मेला होता. कात्रीसमोरची जाळी ‘वेळ खाते’ म्हणून काढायला कोणी लावली, हे स्वतःच्या कानांनी ऐकणारी एकच उरली होती: शेड झाडणारी सुकवारो. सोमवारी तिची साक्ष. त्याआधी बाई टोनही ठरली की काम झालं. चेटकिणीच्या शब्दाला कोण विचारतो? खर्चाच्या बाजूला एक बाबा, एक बोकड आणि डबाभर तूप. जमेच्या बाजूला चारुदत्तची मान. सौदा वाईट नव्हता.

इलेक्ट्रिशियन शर्मिष्ठानं हा हिशेब चौबे कॉलनीतून येताना स्कूटरवरच जुळवला होता. मिलच्या पॅनलचं वायरिंग तिच्या हातचं, त्यामुळे मिल बंद पडली की फोन तिलाच. या आठवड्यात मिल बंद पडायची ती फक्त बाबा हजर असताना. कोणाचा फायदा ते दिसत होतं. युक्ती दिसत नव्हती.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पॅनलशेजारी, बरोबर केबलच्या खड्ड्यावर, निरंजन बाबानं विटांची वेदी रचून आसन मांडलं होतं. समोर खांबाला सुकवारो बांधलेली. केस कापलेले, ओठ फाटलेला, डावा डोळा सुजून मिटलेला. मिल मात्र चालू होती. चमत्कार बंद मिलमध्ये दाखवता येत नाही.

“बुला अपने मरद को!” बाबा गरजला. “नहीं बुलाएगी? मैं बुलाता हूँ!” त्यानं फुंकर मारली आणि आसनावर जरा सरकून बसला.

रोल कण्हत थांबले. मागून येणारी लालभडक सळी पुढे वाट न मिळाल्यानं वाकली, उसळली आणि चाबकासारखी शेडमध्ये फिरली. एका कामगाराची पोटरी तिनं चाटली. मांस जळाल्याचा वास आला. त्याच्या किंकाळीवर लोक ओरडले, “टोनही ला मार!” “हव, मार!” कोणी सुकवारोच्या पोटात लाथ घातली.

“अब परीक्षा!” बाबा म्हणाला. “लाल सरिया हाथ में लेगी. निर्दोष होगी तो जलेगी नहीं.”

दोघंजण भट्टीकडे सांडस घेऊन निघाले. शर्मिष्ठा पुढे घुसली. फोरमन नानांनी तिचा दंड धरला. नाना मूळचे वर्ध्याचे, तिला पहिल्या दिवसापासून ओळखणारे.

“बाई, काहून मधात पडून राहिल्या? पब्लिक तापून हाये. तुमाले पण बांधतीन.”

“नाना, पोलिसांना फोन केलाय. पण ते येईपर्यंत हिचे हात राहणार नाहीत.”

“मंग तुम्ही काय करून राहिल्या?”

“भुताची हजेरी घेते.”

भिंतीवरच्या मोठ्या पाटीवर भट्टीचं तापमान मोजणाऱ्या आठ मीटरचे आकडे दिसायचे. आत्ता सातव्या ओळीत नुसत्या रेघा लुकलुकत होत्या.

“बाबा, भूत किस नंबर में है?”

बाबा खूश झाला. गिऱ्हाईक आपण होऊन दुकानात आलं होतं. “सात में! प्रेत ने खुद अपना अंक बताया है!”

शर्मिष्ठा भट्टीच्या बाजूला गेली. सात नंबरच्या मीटरच्या तारा तिनं उपटल्या आणि मीटर उचलून सगळ्यांसमोर आणला. “सात नंबर मेरे हाथ में है. अब बोर्ड पर सात का आँकड़ा नहीं आना चाहिए.”

पाटीवर सातव्या ओळीतल्या रेघा गेल्या. आकडा आला. त्रेचाळीस.

शर्मिष्ठानं हातातला मीटर उलटापालटा करून पाहिला. मीटर हातात, आणि सात नंबर बोलतोय?

बाबा आधी सावरला. “देखा! मुर्दा बोल रहा है!” दगड आला आणि शर्मिष्ठाच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. ते पुसता पुसता ती आकड्याकडे बघत राहिली. भट्टी अकराशे अंशांवर असते. मग हे त्रेचाळीस अंशांत बसलंय तरी कोण?

विजयाच्या भरात बाबानं वेदीत तूप ओतलं. ज्वाळा उठली. पाटीवर चव्वेचाळीस. मग सत्तेचाळीस.

“अबे, आकडा चढून राहिला!” नाना ओरडले.

“भट्टीतलं भूत तुपानं तापत नसतं, नाना. विटा काढा.”

“हाथ लगाया तो भस्म हो जाओगे!”

नानांनी हात लावलाच नाही; सेफ्टी बुटाची लाथ घातली. विटा कोसळल्या. खाली तसाच एक मीटर, त्यातही नंबर सातच लावलेला. त्याच्या दोन तारा केबलच्या खड्ड्यात जोडलेल्या, आणि तिसरी वायर आसनाखालच्या बटणाकडे गेलेली. शर्मिष्ठानं बटण दाबलं: सातवी ओळ गेली. पुन्हा दाबलं: आली.

मग तिनं कपाळावर ओढणी दाबून समजावलं. आठही मीटर एकाच दोन तारांच्या लाइनवर आहेत. मिलचं डोकं, म्हणजे पीएलसी, एकेकाला नंबरानं हाक मारतं आणि ज्याचा नंबर असेल त्यानंच बोलायचं. शाळेत एका नंबराला दोन पोरं एकदम ‘हजर’ ओरडली, तर मास्तरांना काय ऐकू येणार? गोंधळ. भट्टीच्या बाबतीत पीएलसी अंदाजानं चालत नाही. गोंधळ ऐकला की मिल थांबवतं. बाबा गुडघा सरकवायचा, दुसरा सात नंबर जागा व्हायचा. खरा सात काढला, तेव्हा खोटा एकटाच स्वच्छ आवाजात बोलला, भट्टीची नव्हे, वेदीखालची ऊब सांगत.

हे कळल्यावर लोकांनी विचार केला असेल असं वाटतं? नाही. त्याच लाथा, त्याच काठ्या आता बाबावर पडू लागल्या. दोन दात जमिनीवर आले. शर्मिष्ठा त्याच्या अंगावर आडवी पडली. “तिलाही असंच मारलंत, न विचारता! आधी विचारा तरी!”

नानांनी काठ्या मागे लोटल्या. मार खाताना बाबा नुसता किंचाळत होता. मार थांबवून विचारलं, तेव्हा नाव सांगितलं. चारुदत्त गेटपर्यंत पोहोचला होता; पोलीस बाहेरून आत येत होते.

यंत्र थांबलं की त्यालाच विचारावं, कोण बोलतंय आणि कुठून. ते खरं सांगतं. त्याला ना कोणाची भीती, ना बोकडाची हाव. आणि उत्तर मिळेपर्यंत कोणावर हात उचलू नये. एवढंच करायचं असतं. हे करायला शाळाही लागत नाही, थांबावं लागतं.

आता कोणी किती भरलं ते पाहू. चारुदत्त आणि बाबा कोठडीत. शर्मिष्ठाच्या कपाळाला टाके. त्या कामगाराची पोटरी कायमची आखडली. बोकड वाचला. सोमवारी सुकवारोनं साक्ष दिली आणि मॅनेजरकडे बोट दाखवलं, उजव्या डोळ्यानं बघत. डावा गेला होता. आणि ज्या शेडभर लोकांनी तिला मारलं, ते मंगळवारी पाळीवर हजर होते. त्यांच्या नावावर काहीच नाही. त्यांचंही तिनंच भरलं.