तांब्यातली फुलं

मी भोपळा बोलतोय. डब्यातल्या भाजीचा नव्हे. मला उचलायचं तर खाली सतरंजी सरकवून चौघांना जोर लावावा लागतो. कृषी प्रदर्शनात लोकांनी माझ्या पाठीवर लेकरं बसवून फोटो काढले. एवढा थोरला देह, पण मी कोणाचा कोण, हे मला अजून धड कळलेलं नाही.

आईचं पक्कं ठाऊक आहे. पुंडलिकनगरात सुदर्शनच्या घराशेजारी मोकळा प्लॉट आहे, तिथं तिचा वेल पसरला होता. सगळ्यात मोठा भोपळा आपल्या दारी व्हावा, हे सुदर्शनचं वेड. त्यासाठी तो वेलांच्या सोयरिकी जुळवायचा. आईच्या घराण्यात वजन होतं, पण साल पातळ, फळ भरीला आलं की तडकायची. म्हणून बाप हवा होता जाड सालीचा. तसा वेल अजिंठ्याला तात्यासाहेबांच्या शेतात होता.

आईची मादी कळी दुसऱ्या दिवशी उमलणार होती. सुदर्शन अजिंठ्याला जाऊन त्या वेलाची नरफुलं ओल्या फडक्यात घेऊन आला, स्वयंपाकघरात तांब्याभर पाण्यात ठेवली आणि कळीचं तोंड दोऱ्यानं बांधायला प्लॉटात गेला. मधमाश्यांनी मध्ये लुडबुड करू नये म्हणून. माणसांचा बंदोबस्त करायचं मात्र त्याला सुचलं नाही.

त्याच्या आई, आवडाबाई, भोपळ्याच्या फुलांची भजी फार छान करतात. कुंपणावर एक गावठी वेल आहे, शहागंजच्या बाजारातून आणलेल्या भोपळ्याच्या फेकलेल्या बियांचा. त्याची फुलं तोडून त्या आत आल्या. तांब्यात आधीच फुलं दिसली. सुनेनं तोडली असतील असं समजून त्यांनी आपलीही त्यातच खोचली. रात्री त्यातली निम्मी तळली. सुदर्शननंही चवीनं खाल्ली.

पहाटे अर्धवट झोपेत त्यानं तांब्यातली उरलेली फुलं उचलली, कळीचा दोरा सोडला, पराग लावला आणि तोंड पुन्हा बांधलं. मी तेव्हा फुलाच्या बुडाशी लिंबाएवढा होतो. उन्हं वर आल्यावर सासू-सुना माझ्यापाशीच येऊन उभ्या राहिल्या.

"सुरेखा, तांब्यातली फुलं कुठं गेली गं?"

"आत्याबाई, ती यांनी अजिंठ्याहून आणली होती. पहाटंच वेलाला लावली."

"आन् माझी?"

"तुमची कुठं ठेवली होती?"

"त्याच तांब्यात की! त्यातलीच तर तळली."

सुरेखानं कपाळावर हात मारला. "कोणती तळली?"

"तेलात गेल्यावर फूल वळखू येतं व्हय?"

फळ धरलंच नाही तर विषय आपोआप मिटेल, म्हणून दोघी गप्प बसल्या. मी मात्र धरलो. नुसता धरलो नाही, हां हां म्हणता फुगलो. सुदर्शननं वेलावरची बाकीची फळं खुडून टाकली, मला ऊन लागू नये म्हणून चादर पांघरली. मी आपली साल चाचपत बसायचो. सकाळी ती जाड वाटायची, दुपारी पातळ.

मग अवकाळी पाऊस झाला आणि तात्यासाहेबांचा वेल बुडापासून सडला. घरातलं शेवटचं बी त्यांनी त्याच वेलासाठी लावलं होतं. ते मला बघायला आले, माझ्यावर हात फिरवत म्हणाले, "आता माझ्या वेलाचं जे काय उरलंय, ते ह्याच्या पोटात." आवडाबाई चहा ठेवून मान खाली घालून आत गेल्या. मलाही फार वाईट वाटलं, पण मी काय बोलणार?

प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. मग मला चिरायचा दिवस ठरला. तात्यासाहेब बियांसाठी सकाळीच हजर झाले. सुदर्शननं सुरी लावली आणि आवडाबाईंनी त्याचा हात धरला. त्यांनी सगळं सांगून टाकलं, भज्यांसकट.

सुदर्शननं सुरी बाजूला ठेवली.

"अहो, पण फळ तर एवढं मोठं झालं," सुरेखा म्हणाली. "म्हणजे बाप चांगलाच असंल की!"

"तसं नसतं गं," सुदर्शन म्हणाला. "फळ आईच्याच वाणाचं. बापाचा गुण उतरतो तो बियांत. पेरल्याबिगर कळत नाय."

हे ऐकून मी पुरता चक्रावलो. इतके दिवस ज्या बापासाठी झुरलो, तो माझा नव्हताच म्हणायचा! तो माझ्या पोटातल्यांचा. मग मी कोण, नुसतं आईचं पोट?

तात्यासाहेब आवडाबाईंकडं वळले. मग म्हणाले, "वैनी, भजी कशी झाली होती?"

"लई ग्वाड लागली," आवडाबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या.

"मग माझीच फुलं तळली म्हणायची."

हसावं की रडावं, कुणाला कळेना. तात्यासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल अंथरला. "तरी द्या. समदं बी लावून बघतो."

बिया अजिंठ्याला गेल्या. माझ्या फोडी गल्लीत वाटून झाल्या, पाणचट निघाल्या म्हणे. उरलेला मी ओट्यावर पडून आहे, उद्यापर्यंत टिकेनसं वाटत नाही. तुमचं कुणाचं अजिंठ्याकडं जाणं झालं आणि तात्यासाहेबांच्या वेलाला जाड सालीचं फळ दिसलं, तर एवढं करा. मला नाही, आवडाबाईंना येऊन सांगा. वेलाला फुलं लावली त्या सकाळपासून त्यांनी फुलांची भजी केलेली नाहीत.