पट्टीवरचा क्रम

सकाळपासून धाकटीचा पाय एका जागी ठरत नव्हता. खुर्च्या तीनदा सरळ करून झाल्या, भरलेली पाण्याची बाटली दोनदा ओतून पुन्हा भरली. काम म्हणावं तर चिमूटभर. दोन भाऊ आणि आई यांच्या तीन वेबसाइट एकमेकींना जोडणारी, प्रत्येक पानाच्या माथ्यावर दिसणारी एक पट्टी. थोरल्याची दारं-खिडक्या, मधल्याची खुर्च्या-टेबलं, आईची जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती. एकाकडे आलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडे सहज जाता यावं, एवढंच. पण थोरल्याने बजावलं होतं, "आज जमलं तर ठीक, नाहीतर माझं मी वेगळं बघतो." आणि वेगळं म्हणजे नुसती वेबसाइट नव्हे, हे घरात सगळ्यांना कळलं होतं.

तिघं आली. धाकटीने थोरल्याची साइट उघडून आईला समोर बसवलं. "समज, तू गिऱ्हाईक आहेस. खिडकी बघितलीस, आता खुर्ची बघ आणि परत खिडकीकडे ये."

आईने पट्टीवरचं दुसरं नाव दाबलं. खुर्च्या आल्या. परत यायला पहिलं दाबलं. खुर्च्याच. चष्मा पुसून पुन्हा दाबलं. खुर्च्याच.

"अगं, निघते थोरल्याकडे आणि उभी मधल्याच्याच दारात!"

धाकटीचं पितळ उघडं पडलं. दोन्ही भावांनी तिला एकेकटं गाठून सांगितलं होतं, माझं नाव पहिलं. हिने दोघांनाही मान डोलावली आणि ज्याची साइट त्याचं नाव पुढे करून मोकळी झाली. दोन डगरींवर पाय ठेवू नये हे काय तिला माहीत नव्हतं? पण भावांपुढे भल्याभल्यांचं शहाणपण पळून जातं.

"क्रम सगळीकडे एकच हवा," ती कशीबशी म्हणाली. "चुकलं माझं. तुम्हाला नाही म्हणायची भीती वाटली."

"मग पहिला मी. थोरला कोण आहे?" थोरला म्हणाला.

"आणि जास्त खपतं कोणाचं?" मधला कुठला ऐकतोय!

"फोन कोण घेतं?" आईने विचारलं. "तिघांचेही मीच घेते. लोक आधी दुरुस्ती विचारतात, मग खुर्च्या. दारं-खिडक्या माणूस घर बांधताना घेतो, रोज उठून नाही घेत."

धाकटीने तसाच क्रम लावला. थोरला शेवटी गेला. तो उठला, गाडीची किल्ली उचलली आणि बाहेर पडला.

धाकटी खिडकीशी धावली. तो गाडीत बसला होता, पण गाडी जागची हलत नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिने नखं कुरतडून संपवली. मग तिचा फोन वाजला.

"मोबाइलवर पट्टीतलं शेवटचं नाव अर्धंच दिसतंय," थोरला म्हणाला.

"दादा... क्रम बदलू का?"

"क्रम राहू दे. नाव पूर्ण दिसू दे."

धाकटी मटकन खुर्चीत बसली आणि डोळे पुसत पुसत अक्षरं बारीक करायला लागली.