घडीतला डाग

ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस उजाडला. सकाळीच डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि सांगितलं, "घरी जा, पण गर्दीत धक्के खात जाऊ नका." घरची बस साडेअकराची होती. ती चुकली तर पुढची थेट तीनला.

दवाखान्यामागच्या हॉटेलात दोघी बहिणी तीन रात्री राहिल्या होत्या. भाडं आल्या दिवशीच भरलेलं. किल्ली द्यायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. तरी धाकटीच्या पायाला भिंगरी लागली होती. तिनं पिशवी भरली, उघडली, औषधांची डबी वर ठेवली, पुन्हा भरली.

"एका जागी बस गं," ताई म्हणाली. "तू फिरतेस आणि गरगरतं मला."

"मग डोळे मीट."

"एक मिटलेलाच आहे."

धाकटी बावीस वर्षं लाँड्री चालवत होती. ताई शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली. गल्लीत कुणाचा आवाज चढला की ताई खिडकी लावून घ्यायची आणि धाकटी दारात जाऊन उभी राहायची. लहानपणापासूनचं हे असंच.

दोघी खाली उतरल्या तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. धाकटीनं ताईला कोचावर बसवलं आणि काउंटरवर किल्ली ठेवली. मॅनेजरनं ती उचलली नाही.

"दोन मिनिटं हं, मावशी. खोली चेक होतेय."

दोन मिनिटांची दहा झाली. मागे ब्रीफकेसवाला एक गृहस्थ येऊन उभा राहिला. मग फोन वाजला, मॅनेजर "हं, हं" म्हणाला आणि मशीनमधून एक कागद निघाला. त्यावर एकच ओळ होती: चादरीचं नुकसान. रक्कम पुऱ्या एका दिवसाच्या भाड्याएवढी.

"कसलं नुकसान?"

"चहा सांडलाय. डाग पडलेत. चादर बाद झाली."

"आम्ही खोलीत चहा घेतलाच नाही. दवाखान्याच्या कँटीनमध्ये जायचो."

"मग कॉफी असेल. मी काय बघायला आलो होतो?" आवाज अगदी मऊ होता. "नियम आहे, मावशी. सगळ्यांना सारखाच."

तो मऊ आवाज धाकटीच्या चांगल्या ओळखीचा होता. स्वतःच्या दुकानात तिनं तो कितीदा लावला होता. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही तिच्याच इस्त्रीखाली करपली होती, आणि "हे आधीचंच आहे, साहेब" असं ती त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली होती. तो बिचारा कोट घडी करून मुकाट निघून गेला होता. आता काउंटरच्या या बाजूला उभं राहून ते आठवलं आणि तिचे कान तापले. पण म्हणून चहाचा आळ अंगावर घ्यायचा, हे काही तिला पटेना.

"चादर दाखवा," ती म्हणाली.

"धुवायला गेली."

"आत्ता तर फोन आला. इतक्यात कशी जाईल?"

"अहो बाई, लवकर आटपा," ब्रीफकेसवाला म्हणाला. "आम्हालाही कामं आहेत."

कोचावरून ताईचा दबका आवाज आला. "जाऊ दे गं. चारचौघांत शोभा नको."

"शोभा त्यांची होतेय, आपली नाही," असं म्हणून धाकटी वळली. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली दिसली, तशी ती जिन्यानंच निघाली. मागून मॅनेजर "मावशी, वर जायचं नाही!" म्हणत राहिला, पण गल्ला सोडून त्याला हलता येईना.

तिसऱ्या मजल्यावर सफाईवाली बाई मळक्या कपड्यांची ढकलगाडी लोटत होती. धाकटीनं दम खाल्ला आणि खोलीचा नंबर सांगितला. बाईचा चेहरा उतरला.

"मी नुसतं सांगितलं, डाग आहेत म्हणून," ती म्हणाली. "नाही सांगितलं आणि नंतर सापडले, तर माझ्या पगारातून कापतात."

"तुम्ही केलंत ते बरोबरच. मला फक्त चादर द्या."

"माझं नाव नका घेऊ."

"नाही घेणार."

बाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीतली वरून दुसरी चादर ओढून दिली. धाकटी जिना उतरू लागली. घड्याळात पावणेअकरा. बसस्टँड रिक्षानं पंधरा मिनिटं, ताईला जपून न्यायचं तर वीस.

खाली येऊन पाहते तर ताई काउंटरपाशी उभी, हातात पावती.

"भरले मी," ताई म्हणाली. "चल आता."

"तू भरलेस? मी वर जाऊन येईपर्यंतही दम निघाला नाही तुला?"

"बस चुकेल."

"आपण काही केलेलं नसताना?"

"पावती झाली," मॅनेजर मध्येच म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ नव्हता. "पैसे भरले म्हणजे मान्य केलंत. विषय संपला."

धाकटीनं चादर काउंटरवर पसरली, त्याच्या रजिस्टरावरून, घंटीवरून, पेनाच्या डब्यावरून. पांढऱ्या कापडावर तपकिरी रंगाचे चार डाग होते.

"हे बघा. चहाचा डाग कडेला गडद असतो आणि मध्ये फिका. हे मध्ये गडद आहेत. हा गंज आहे. ओली चादर लोखंडावर पडून राहिली की असा धरतो."

"ते तुम्ही म्हणता."

"बरं, माझं सोडा. ही घडीची रेघ दिसते? इस्त्रीची?" तिनं त्या रेघेवर चादर दुमडली, मग दुसऱ्या रेघेवर. हात सवयीनं चालत होते. चार डाग एकावर एक बरोब्बर बसले आणि एकच दिसू लागला. "चादर चौघडी असताना डाग आरपार गेलाय. आम्ही काय चौघडी करून झोपलो होतो?"

ब्रीफकेसवाला पुढे वाकला. त्यानं स्वतःच्या हातानं घडी उलगडली, पुन्हा घातली. "बरोबर आहे यांचं," तो म्हणाला, आणि थोडा खजील होऊन मागे सरकला.

मॅनेजरनं दुसरा रस्ता धरला. "म्हणजे आमच्या बाईनं खोटं सांगितलं? थांबा, तिलाच बोलावतो खाली."

धाकटीनं त्याच्या फोनवर हात ठेवला. "तिला कशाला? डाग आहेत असं तिनं सांगितलं असेल, तर ते खरंच आहे. चहाचे आहेत आणि आम्ही पाडले, हे तुम्ही लिहिलंत. अक्षर तुमच्या मशीनचं आहे."

तो म्हणाला, "ठीक आहे. अर्ज द्या. परतावा आठ दिवसांत पाठवू."

"भरताना आठ दिवस लागले नाहीत."

"मावशी, सिस्टीम असते."

"असू द्या. मी बसते." आणि ती खरंच ताईशेजारी जाऊन बसली. पिशवी मांडीवर. काउंटरवर चादर तशीच पडलेली. दारातून नवीन कुटुंब आत आलं, त्यांनी चादरीकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं, आणि बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "दुसरं बघू या का?"

गल्ला उघडला. पैसे मिळाले, पावतीवर आडवी रेघ मारून सही मिळाली, पण तोवर अकरा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

बसस्टँडवर दोघी साडेतीन तास बसल्या, कारण तीनची बसही उशिरा आली. धाकटी फलाटाच्या टोकापर्यंत जायची, यायची, पाटी वाचायची, पुन्हा जायची. शेवटी ताई म्हणाली, "तुला वाटतं मी घाबरट आहे."

"तसं नाही."

"डोळ्यात सकाळपासून सुई टोचल्यासारखं होतंय. मला फक्त घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत पडायचं होतं. पैसे गेले तर गेले."

धाकटी मटकन बाकावर बसली. सकाळपासून ती घड्याळाकडे, बिलाकडे, चादरीकडे बघत होती. ताईच्या चष्म्याखालून पाणी वाहतंय, हे तिनं आत्ता पाहिलं. "सांगितलं का नाहीस?"

"तू कुठे थांबलीस ऐकायला?"

धाकटीनं डॉक्टरांना फोन लावला. पाणी येतंच, ऊन टाळा, दुखलं तर गोळी द्या, असं ते म्हणाले. तिनं गोळी दिली आणि आपला पदर ताईच्या कपाळावरून पुढे ओढून धरला. हात अवघडला तरी बस येईपर्यंत खाली घेतला नाही. जिंकल्याचा आनंद मात्र काही केल्या जागेवर बसत नव्हता. मध्येच वाटे, बरं झालं. मध्येच वाटे, काय मिळवलं? आणि सफाईवाल्या बाईचं पुढे काय झालं, हे तर कधीच कळणार नव्हतं.

आठवड्यानं ताईचा डोळा निवळला. समाचाराला शेजारणी आल्या, तेव्हा ती उशीला टेकून सांगत होती, "आम्ही सरळ सांगितलं त्या मॅनेजरला, डाग गंजाचा आहे. चौघडी करून दाखवली. हलणार नाही म्हटलं आम्ही!"

धाकटी आत कप धूत होती. तिनं नळ बारीक केला आणि पुढचं ऐकू लागली.