खुणेची दोरी

जुन्या स्टेशनाचं आता छताखालचं गावच व्हायचं होतं. रुळांच्या जागी फरशी, फलाटांवर दुकानं, वर कचेऱ्या आणि त्यांच्याही वर बिऱ्हाडं. छत तेवढं जुनंच राहणार होतं. त्याच्या फुटक्या काचा बदलायला काचवाला सकाळपासून वर फळीवर होता आणि खाली खुणेची दोरी धरून त्याची बायको. दोघांत अबोला.

भांडण गाळ्याचं. "वय झालं, आता खाली उतरा. इथंच गाळा घेऊ, तसबिरींना काचा बसवू," असं ती म्हणाली होती. "पिंजऱ्यातला पोपट करायचाय का माझा?" असं तो. पोपट निदान पुढं बोलला तरी असता.

त्या छताखाली हाक मारली की तिचे तुकडे होऊन चहूकडून परत येत. म्हणून दोघांचं बोलणं दोरीवर. दोन झटके म्हणजे कमरेचा पट्टा कडीत अडकवा. एक म्हणजे काच पोचली, पट्टा सोडा, वाकून घ्या. पट्टा आखूड होता, तो सोडल्याशिवाय हात पुरत नसे.

काच अजून अर्ध्यातच होती, तोच खालून ती चढवणाऱ्या मुकादमानं काडी टाकली, "काय वहिनी, गाळा घेताय म्हणे? दादा तर सांगत होते, बायकोच्या डोक्यातलं खूळ आहे."

तिच्या हातून दोरीला हिसका बसला. एकदाच.

वर त्यानं पट्टा सोडला आणि न आलेल्या काचेसाठी वाकला.

मुकादमानं ओरडायला तोंड उघडलं, ते तिनं तळहातानं दाबलं. ऐकू आलं नाही की हा माणूस आणखी पुढं वाकतो, घरात रोजचंच. तिनं दोन झटके दिले. तो हलेना. आधी एक, मग दोन, त्यानं खरं तरी कुठलं मानायचं? त्याचा हात हवेत चाचपडत होता. "बघा हो, मीच आहे," ती पुटपुटली आणि लेकराला थोपटावं तशी दोरी ओढली. दोन. थांबून पुन्हा दोन.

हात मागं आला. कडी लागली.

तो खाली उतरला आणि थेट तिच्याकडं आला.

"कसला झटका होता गं तो?"

"रागाचा."

"तो आपल्यात ठरलेला नाही."

"ठरवू देता कुठं! जगाला सांगता, मला सोडून."

तो फलाटाच्या कडेला टेकला. "खाली बसायची भीती वाटते गं मला."

"आणि वर बघायची मला वाटत नसेल?"

"दादा, पुढची काच चढवू?" मुकादमानं लांबूनच विचारलं.

"आज नको," तो पट्टा सोडत म्हणाला. "हिच्याशी बोलायचं राहिलंय."